मागच्या सीटचा हिशेब

आमच्या मोटारविम्याचे नूतनीकरण दर सहा महिन्यांनी होते. तो कागद आला की रक्कम पाहायची, मागच्या खेपेपेक्षा किती वाढली म्हणून हळहळायचे आणि पैसे भरून मोकळे व्हायचे, एवढेच आम्ही गेली कित्येक वर्षे करत आलो. या ऑक्टोबरात मात्र तो कागद आठ दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून राहिला, कारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आईबाबा देवरुखहून इकडे, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला, पहिल्यांदाच येत आहेत आणि सहा महिने राहणार आहेत. बाबा 73 वर्षांचे आहेत, आई 68 वर्षांची. इथे दूध आणायचे तरी गाडी काढावी लागते, म्हणजे सहा महिने ती दोघे रोज आमच्या गाडीत बसणार.

त्या कागदाला इथे डेक्लरेशन पेज म्हणतात. डाव्या बाजूला संरक्षणाचे नाव, मधे त्याची मर्यादा आणि उजवीकडे त्या त्या गाडीचा हप्ता. सर्वांत वरची ओळ लायबिलिटीची आहे: आमच्या चुकीने कोणाला इजा झाली, तर एका माणसाला जास्तीत जास्त 1 लाख डॉलर आणि त्या अपघातातल्या सर्वांना मिळून 3 लाख डॉलर. खाली चौथ्या ओळीत ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे 30 हजार आणि 60 हजार हे आकडे आहेत. चूक समोरच्याची आहे, पण त्याच्याकडे विमाच नाही किंवा तो धडक देऊन पळून गेला, तर आमच्या गाडीतल्या माणसांना झालेल्या इजेसाठी आमचीच कंपनी जे पैसे देईल, त्याची ही मर्यादा. इतकी वर्षे या दोन ओळी एकाच पानावर मी पाहत आले, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या. ज्या परक्या माणसाला आम्ही कदाचित कधी धडकू, त्याच्यासाठी आम्ही लाखाची तरतूद केली होती, आणि ज्या सीटवर आई बसणार आहे त्या सीटसाठी तीस हजारांची.

असे का झाले, याचे उत्तर सरळ आहे. 2019 मध्ये आम्ही घर घेतले, तेव्हा सगळ्यांनी एकच बजावले की आता तुमच्या नावावर घर आहे, तुमच्या हातून अपघात झाला आणि विमा कमी पडला तर कोर्टाचा निकाल थेट घरावर येईल. त्या भीतीने आम्ही वरची ओळ वाढवली. चौथ्या ओळीबद्दल कोणी भीती घातली नाही, म्हणून ती कायद्याच्या किमान आकड्यावरच राहिली. ती तिथे असण्यालाही आमचा शहाणपणा कारण नव्हता, एक अपघात कारण होता. त्याकडे येते.

भारतातून येताना आम्ही दोघांनी जी समजूत बरोबर आणली होती, तिचाही यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि माणसाच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी त्याला वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती कंपनीला द्यावी लागते. त्यासाठी किती वर्षे हेलपाटे घालावे लागतात हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक, पण समोरच्या गाडीला विमा आहे म्हटल्यावर ‘विमा पुरेल का’ हा प्रश्न आपल्याकडे मनात येत नाही. आपल्याकडचा प्रश्न विमा आहे की नाही हाच असतो, आणि तो फार मोठा आहे, कारण रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक गाड्यांचा विमा चालू नसतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर इजेसाठी 50 हजार रुपये मिळतात, आणि तेही 1 एप्रिल 2022 पासून. त्याआधी ते अनुक्रमे 25 हजार आणि साडेबारा हजार होते.

कॅलिफोर्नियातला हिशेब निराळा आहे. इथेही विमा सक्तीचा आहे, परंतु कायदा फक्त एक किमान आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर कंपनीची जबाबदारी संपते. तो किमान आकडा 1967 पासून 2024 च्या अखेरीपर्यंत एका माणसामागे 15 हजार आणि एका अपघातामागे 30 हजार डॉलर इतकाच होता. अर्धशतकाहून अधिक काळात इथल्या रुग्णालयांचे दर कुठून कुठे गेले, पण हा आकडा जागचा हलला नाही. 2022 साली झालेल्या कायद्यामुळे 1 जानेवारी 2025 पासून तो 30 हजार आणि 60 हजार झाला, आणि 2035 मध्ये 50 हजार आणि 1 लाख होणार आहे. म्हणजे मला धडकणारा माणूस कायदा काटेकोर पाळणारा असला, तरी त्याच्या विम्यातून मला तीस हजारांपलीकडे काही मिळेलच याची हमी नाही. ‘समोरच्याचा विमा भरेल’ या वाक्यावर मी वाढले. त्या वाक्यात किती भरेल हा शब्द नव्हता, हे मला इथे येऊन बरीच वर्षे कळले नाही.

आता तो अपघात. मार्च 2017 मधली दुपार, फ्रीमाँटचा माउरी ॲव्हेन्यू, आणि मी लाल दिव्याला थांबलेले. मागून एक जुना पिकअप आला आणि आमच्या कोरोलावर आदळला. आवाजापेक्षा मला नंतरचा क्षण अधिक लक्षात आहे. पिकअपच्या मागच्या भागात रंगाचे डबे होते, त्यातला एक उडून रस्त्यावर फुटला आणि पांढरा रंग माझ्या गाडीच्या चाकाखालून हळूहळू पुढे वाहत गेला. एक पंचविशीतला मुलगा धावत आला, मी हलते आहे ना हे त्याने आधी पाहिले, आणि मग स्वतःच्या गाडीतून पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. विम्याचे कार्ड विचारल्यावर त्याने डॅशबोर्डचा कप्पा सगळा सीटवर उलटा केला. जुनी पावत्यांची चळत, एका लहान मुलीचा शाळेतला फोटो, आणि अखेर एक कार्ड, सात महिन्यांपूर्वी संपलेले. त्याने ते मला देताना मान वर केली नाही.

माझ्या मानेला झटका बसला होता. हाड मोडले नव्हते, पण सहा आठवडे फिजिओथेरपी घ्यावी लागली आणि पहिले तीन आठवडे मला संगणकासमोर बसवत नव्हते. तेव्हा मी तासांवर पगार मिळणारे कंत्राटी काम करत होते, म्हणजे बसले नाही तर पैसे नाहीत. आरोग्यविमा होता, पण त्यातला पहिल्या 3 हजारांचा भार आमचा. कोरोला जुनी म्हणून तिच्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ठेवला नव्हता, ती भंगारात गेली. मी कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी सौम्यपणे सांगितले की बिनविम्याच्या चालकाविरुद्धचे संरक्षण तुमच्या पॉलिसीत नाही, ते 2011 मध्ये लेखी नाकारलेले आहे.

2011 मध्ये मी या देशात नव्हते. माझा नवरा तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, सनीवेलला तीन मित्रांबरोबर राहणारा, शैक्षणिक कर्ज फेडणारा. पहिली गाडी घेताना त्याने हप्ता जितका खाली आणता येईल तितका आणला होता. कॅलिफोर्नियाच्या विमा कायद्यात हे संरक्षण कंपनीने देऊ करणे बंधनकारक आहे आणि ते नको असेल तर ग्राहकाने तसे लिहून सही द्यावी लागते. तशी सही त्याने दिली. पुढचा भाग मला त्या फोनवर कळला: पॉलिसीतल्या कोणाही एका विमाधारकाची ती सही बाकीच्या सगळ्यांवर बंधनकारक असते, आणि पॉलिसीचे नूतनीकरण होत राहिले तरी ती चालूच राहते. 2014 मध्ये लग्न होऊन मी आले, माझे नाव पॉलिसीत घातले गेले, आणि त्याबरोबर ती सहीही माझी झाली. मी नवऱ्याला दोष दिला नाही, आजही देत नाही. तेविसाव्या वर्षी एकट्या मुलाने वाचवलेले महिन्याचे पाचसहा डॉलर होते ते. पण आपल्या अंगावरचे एक छप्पर आपण घरात पाऊल टाकण्याआधीच कोणीतरी काढून ठेवले होते, ही जाणीव माझ्या मनातून गेली नाही, आणि म्हणून हा लेख वाचणाऱ्या, लग्न होऊन इकडे आलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगेन की घरातली जुनी पॉलिसी काढून ती ओळ आहे का ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

त्या मुलावर दावा लावायचा का, हा विचार आम्ही केला. स्मॉल क्लेम्स कोर्टात तेव्हा 10 हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येत असे आणि आमचे नुकसान त्यात बसणारे होते. आम्ही लावला नाही. शिडी आणि रंगाचे डबे एवढीच ज्याची मिळकत, त्याच्याविरुद्धचा निकाल हा फक्त एक कागद असतो. मात्र इजा झालेल्या अपघाताची नोंद दहा दिवसांत वाहन विभागाला एका फॉर्मवर द्यावी लागते, ती दिली, आणि त्यात समोरच्याच्या विम्याचा रकाना रिकामा सोडताना माझा हात थांबला होता. बिनविम्याच्या चालकाचा परवाना त्यावरून निलंबित होऊ शकतो. त्याचा झाला का, मला कळले नाही. परवाना गेला तर त्याने गाडी चालवणे थांबवले असेल, की विम्याबरोबर परवानाही नसलेला चालक म्हणून तो रस्त्यावर राहिला असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की ‘बिनविम्याचा चालक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक बेफिकीर माणूस उभा राहतो, आणि त्यातून निर्णय चुकतो. बेफिकीर माणसे असतातच, पण इन्शुरन्स रिसर्च कौन्सिल या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2019 मध्ये देशभरातल्या चालकांपैकी 12.6 टक्के, म्हणजे आठांत एक, बिनविम्याचे होते, आणि 2023 पर्यंत हे प्रमाण 15.4 टक्क्यांवर गेले. हप्ते वाढले की त्यांच्या पाठोपाठ हाही आकडा वर चढतो. माझ्या रोजच्या वाटेवर, 880 नंबरच्या महामार्गावर, सकाळी माझ्या मागेपुढे रांगेत उभ्या असलेल्या गाड्या मी मोजते तेव्हा सातवी गाडी फार लवकर येते. कमी उत्पन्नाच्या चालकांसाठी कॅलिफोर्निया राज्याची स्वस्त विम्याची एक योजना आहे. ती अधिक लोकांना माहीत व्हावी असे मला मनापासून वाटते, पण तिच्या मर्यादा नेहमीच्या किमानापेक्षाही कमी आहेत.

राज्याराज्यांत तफावत मोठी आहे. 2019 च्या त्याच अंदाजात मिसिसिपीत 29.4 टक्के आणि न्यू जर्सीत 3.1 टक्के असे आकडे होते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिच्या नेहमीच्या पॉलिसीत हे संरक्षण कायद्यानेच घातलेले आहे, त्यामुळे ‘घ्यायचे की नाही’ हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये तर विमा काढण्याचीच सरसकट सक्ती नाही, पण जो पॉलिसी घेतो त्याच्या पॉलिसीत हे संरक्षण असलेच पाहिजे, असा नियम त्या राज्याने 1957 मध्ये देशात सर्वांत आधी केला. इतरांवर सक्ती नाही तर निदान सावध माणसाला आसरा द्यावा, असा तो विचार मला पटतो.

अपघातानंतर आम्ही ते संरक्षण घेतले, किमान आकड्याचे. किमान आकडा कायद्याने वाढला तसा तोही वाढला. म्हणजे या ऑक्टोबरातला प्रश्न ते वाढवायचे का, हा होता. नवऱ्याचे म्हणणे मी इथे नीट मांडते, कारण ते चुकीचे नाही. तो म्हणाला, “आपल्या दोघांना नोकरीचा चांगला आरोग्यविमा आहे, पगार बुडाला तर आजारपणाची रजा आहे, गाड्यांच्या नुकसानीचा विमा आहे. मग हे चौथ्या ओळीचे पैसे नेमके कशाचे? आणि दुसऱ्याने विमा काढला नाही, त्याचा दंड आपण का भरायचा?” 2017 नंतर आमची परिस्थिती बदलली आहे हे खरेच होते. माझे काम आता कायम आहे. आरोग्यविमा रुग्णालयाचे बिल भरतो. जे तो भरत नाही, म्हणजे बुडालेला पगार, पुढच्या वर्षांतले उपचार, उरलेले दुखणे आणि त्याची भरपाई, ते मोठ्या अपघातातच मोठे होते, आणि मोठे अपघात क्वचित होतात. आम्हा दोघांपुरता विचार केला असता तर मी कदाचित त्याचे ऐकले असते.

मग मी आईबाबांच्या प्रवासी आरोग्यविम्याची कागदपत्रे त्या पानाशेजारी ठेवली. पाहुण्यांसाठीच्या या योजना दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, मग बिल कितीही असो. दुसरीत ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत बिलाचा मोठा भाग भरला जातो. आम्ही दुसरी घेतली. पण वय सत्तरीपलीकडे गेले की अनेक योजनांत ती कमाल रक्कम खाली येते. आईला 1 लाख डॉलरची मिळाली, बाबांना 50 हजारांची. बाबांना मधुमेह आहे आणि आधीपासूनच्या आजारांचे नियम त्यात वेगळे आहेत. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आठवडाभर रुग्णालयात राहावे लागले आणि मग पुनर्वसन केंद्रात, तर 50 हजार किती दिवस पुरतील याचा अंदाज इथे राहणाऱ्या कोणालाही करता येईल. शिवाय तो विमा परतीच्या तिकिटाबरोबर संपतो. देवरुखला गेल्यावर लागणारी रोजची बाई, रत्नागिरीला वा कोल्हापूरला डॉक्टरांकडच्या फेऱ्या, यातले काहीही त्याच्या कक्षेत नाही.

चौथी ओळ इथे उपयोगी पडते. मी एजंटबाईंना विचारले की माझ्या गाडीत बसलेला पाहुणा, इथला रहिवासी नसलेला, या संरक्षणात येतो का. त्या म्हणाल्या की गाडीत परवानगीने बसलेला प्रत्येक जण येतो, त्याला आरोग्यविमा आहे की नाही याच्याशी संबंध नाही, आणि पुढे लागणारे उपचारही नुकसानीच्या हिशेबात धरले जातात. मग मी 60 हजारांच्या आकड्याकडे पाहिले. तो एका अपघातातल्या सर्वांसाठी मिळून आहे. आमच्या गाडीत आम्ही दोघे, आमचा मुलगा आणि आईबाबा असे पाच जण असलो, तर तो पाच जणांचा आकडा आहे.

आणखी एक गोष्ट कळायला मला दोन फोन लागले, ती इथे सावकाश सांगते. कॅलिफोर्नियात या संरक्षणातच दुसरी बाजूही आहे: समोरच्याकडे विमा आहे पण तो अपुरा आहे, अशा वेळी उपयोगी पडणारी, ‘अंडरइन्शुअर्ड’ नावाची. मला वाटले होते की समोरच्याच्या विम्याचे तीस हजार आणि वर आमचे तीस हजार, असे साठ मिळतील. तसे नाही. आमच्या मर्यादेतून समोरच्याने दिलेली रक्कम वजा होते आणि उरेल तेवढेच आमची कंपनी देते. 2025 पासून किमान विमा तीस हजारांचा झाला आहे आणि आमची मर्यादाही तीस हजारांचीच आहे, म्हणजे तिसातून तीस गेले, बाकी शून्य. दोन्ही आकडे पंधरा हजारांचे होते तेव्हाही बाकी शून्यच होती, म्हणजे त्या ओळीतला अर्धा भाग आमच्यासाठी पहिल्यापासूनच जवळजवळ पोकळ होता आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मर्यादा 1 लाख केली तर तीस हजारांच्या विम्याचा माणूस धडकल्यावरही सत्तर हजारांपर्यंत आधार राहतो. हे ऐकल्यावर नवऱ्याने कागद स्वतःकडे ओढला आणि शेजारी पेन्सिलीने 100 वजा 30 असे लिहिले.

त्याच्या पेन्सिलीचा पुढचा हिशेब असा होता. सहा महिन्यांसाठी एका गाडीमागे आता 38 डॉलर पडत होते, मर्यादा वाढवली की 71 होणार. फरक 33, दोन गाड्यांचे 66, म्हणजे महिन्याला 11 डॉलर. तेच पैसे बाजूला टाकले तर दहा वर्षांत 1,320 डॉलर जमतील. 2017 मध्ये मला घेऊन गेलेल्या रुग्णवाहिकेचे बिल त्यापेक्षा जास्त होते. “बरं,” एवढेच तो म्हणाला. ‘दंड आपण का भरायचा’ या त्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. ते मला बाबांकडून मिळाले.

बाबा 31 वर्षे एसटीत चालक होते, देवरुख आगारात, 2010 मध्ये निवृत्त झाले. देवरुख-कोल्हापूर ही त्यांची नेहमीची गाडी, म्हणजे साखरपा आणि पुढे आंबा घाट, पावसाळ्यात धुके, समोरून उसाचे ट्रक. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना हे सगळे समजावून सांगत होते आणि सांगतासांगता नवऱ्याचा प्रश्नही सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, घाटात समोरून येणारा कोण, त्याचे कागद कसे आहेत, ते मला कुठं ठाऊक असायचं? माझ्यामागं पंचेचाळीस माणसं बसलीत एवढं ठाऊक असायचं.” आणि मग त्यांनी विचारले की एसटीच्या तिकिटातला रुपया तुला माहीत आहे ना. मला माहीत नव्हता. 2016 पासून एसटी प्रत्येक तिकिटामागे 1 रुपया अपघात सहायता निधीसाठी घेते, आणि अपघातात प्रवासी दगावला तर वारसांना त्यातून 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. चूक कोणाची, समोरच्याचा विमा होता की नव्हता, याचा निकाल लागेपर्यंत त्या घराने थांबायचे नाही. “आमच्या वेळी हा रुपया नव्हता,” बाबा म्हणाले, “तेव्हा लोकांच्या घरी आम्ही वर्गणी काढून जायचो.” ही वर्गणीची गोष्ट त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. कोणाच्या घरी, कोणत्या साली, हे विचारायचे मी त्यांच्या येण्यावर ठेवले आहे.

निर्णय त्या रात्री झाला. चौथी ओळ आता वरच्या ओळीइतकी आहे, 1 लाख आणि 3 लाख. बहुतेक कंपन्या ती लायबिलिटीच्या मर्यादेहून जास्त देत नाहीत, म्हणून आमच्यासाठी हेच टोक होते. चूक कोणाचीही असली तरी लगेच मिळणारे ‘मेडिकल पेमेंट्स’ 5 हजारांचे घेतले. हे पैसे मागितले तर पुढे हप्ता वाढेल ही धास्ती पुष्कळांना असते, मलाही होती, पण आपली मुख्य चूक नसलेल्या अपघातासाठी कॅलिफोर्नियात कंपनीला हप्ता वाढवता येत नाही.

या संरक्षणाला जिथे कडा आहेत तेही मी वहीत टिपून ठेवले, कारण अपघाताच्या दिवशी फोनवर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. धडक देऊन पळालेल्या गाडीसाठी दावा करायचा, तर त्या गाडीचा आपल्या गाडीला प्रत्यक्ष स्पर्श झालेला असला पाहिजे. कोणी अचानक आडवे आले, त्याला चुकवताना आपण दुभाजकावर आदळलो आणि तो निघून गेला, तर पैसे मिळत नाहीत. पळालेल्या गाडीची खबर पोलिसांना 24 तासांत द्यावी लागते आणि शपथेवरचे निवेदन कंपनीला त्यापुढच्या 30 दिवसांत. कंपनीशी मतभेद झाला तर प्रकरण ज्यूरीपुढे जात नाही, लवादापुढे जाते. गाडीच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात मी एक कागद ठेवला आहे, त्यावर हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि वर पोलिसांचा आणि कंपनीचा फोन नंबर आहे. आम्ही दोघेही बोलण्याच्या स्थितीत नसलो, तर आई तो कागद वाचू शकेल.

या वेळी फॉर्मवर आम्ही दोघांनी सही केली. एकाची पुरली असती, पण मला माझी हवी होती.

एक गोष्ट राहिली आहे. बाबा पहाटे साडेपाचला उठतात आणि उजाडण्याआधी फिरायला निघतात. गेली पंधरा वर्षे देवरुखला त्यांचा हाच नेम आहे आणि इथेही घरापासून एलिझाबेथ तळ्यापर्यंत चालत जाणार, असे त्यांनी नकाशा पाहून आधीच ठरवले आहे. पायी चालताना बिनविम्याच्या गाडीने उडवले तर मला आणि माझ्या नवऱ्याला हे संरक्षण लागू आहे, आणि घरात राहणाऱ्या नातेवाइकांनाही आहे. मात्र सहा महिन्यांसाठी आलेले वडील ‘घरात राहणारे’ ठरतात की पाहुणे, हे पॉलिसीतल्या व्याख्येवरून मला उलगडले नाही आणि एजंटबाईंनाही फोनवर ठामपणे सांगता आले नाही. मी प्रश्न लेखी पाठवला आहे आणि उत्तरही लेखीच मागितले आहे. ते अजून आलेले नाही. तोवर मी बाबांसाठी पोपटी रंगाचे, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट मागवले आहे, आणि तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पदपथ कोणत्या बाजूने सलग आहे, ते काल पहाटे स्वतः चालून पाहून आले.